रशिया १९८५ ते २००५: आधी निवडणूक, मग बाजार, कायदा सगळ्यात शेवटी?

विचारवेडा

नमस्कार मंडळी,

सोव्हिएत संघ कोसळला याबद्दल आपल्याकडे दोनच वाक्यं ऐकू येतात. एक, गोर्बाचेव्हने देश बुडवला. दोन, साम्यवाद मुळातच टिकणारा नव्हता. या दोन्हींत त्या वीस वर्षांत घडलेलं बहुतेक सगळं सुटून जातं, म्हणून हा धागा.

माझं मत आधीच सांगतो. मार्च १९८५ मध्ये गोर्बाचेव्ह कम्युनिस्ट पक्षाचे सरचिटणीस, म्हणजे देशाचे प्रमुख झाले. पुढच्याच वर्षी तेलाचे भाव कोसळले. देश धान्य बाहेरून आणत होता आणि ते येत होतं तेलाच्या डॉलरवर. त्यातच दारूविरोधी मोहीम काढून सरकारने आपल्याच हाताने मोठा महसूल घालवला. अशा खंगलेल्या तिजोरीवर त्यांनी राजकारण मोकळं केलं: मार्च १९८९ मध्ये लोकप्रतिनिधींच्या काँग्रेसची, म्हणजे नव्या संसदेची निवडणूक, मार्च १९९० मध्ये पक्षाची मक्तेदारी सांगणारं राज्यघटनेचं सहावं कलम रद्द. दुकानातल्या भावांना हात लावण्याची हिंमत मात्र शेवटपर्यंत झाली नाही. ते काम रशियाचे राष्ट्राध्यक्ष येल्त्सिन आणि त्यांच्या आर्थिक सुधारणांचे सूत्रधार गायदार यांनी २ जानेवारी १९९२ रोजी भाव मोकळे करून एका फटक्यात केलं. वर्षअखेरीला भाव सव्वीस पट झाले होते.

त्यानंतर मालमत्ता वाटली गेली. पण ती कुणाची हे ठरवणारं कोर्ट कुठे होतं? सुरुवातीला भागधारकांची नोंदवहीसुद्धा कंपनीच्याच कपाटात असायची. संचालकाला माणूस नकोसा झाला की त्याचं नाव खोडलं जाई. माझ्या मते रशियाच्या पुढच्या राजकारणाचं मूळ इथे आहे. मालकी कागदावर टिकेना, तेव्हा ती सत्तेच्या ओळखीवर टिकू लागली.

तर प्रश्न दोन. वेगळा रस्ता होता का? आणि या सगळ्यातून सामान्य रशियन माणसाच्या हाती नेमकं काय लागलं?

रोखठोक

रस्ता होता, चीनने दाखवला. डेंगने १९७८ मध्ये शेतीपासून सुरुवात केली आणि पक्षाची पकड सोडली नाही. गोर्बाचेव्हने नेमकं उलट केलं. विषय संपला.

शेतकरी_पुत्र

रोखठोक भाऊ, इतक्यात नाही संपत. १९७८ च्या चीनमध्ये दहातली आठ माणसं खेड्यात होती. जमीन कसायला दिल्यावर उत्पन्न वाढणारच होतं, कारण कसणारे हात शेतावर होते आणि त्यांना गमावण्यासारखं काही नव्हतं. सोव्हिएत संघात तोवर दोन तृतीयांश लोक शहरात गेले होते. कोलखोजवर, म्हणजे सामूहिक शेतावर, जे उरले त्यांना साठच्या दशकापासून हमीचा पगार आणि पेन्शन होतं. शिकलेली पोरं शहरात, मागे म्हाताऱ्या बायका आणि ट्रॅक्टरवाले.

गोर्बाचेव्हनीही १९८८-८९ मध्ये जमीन खंडाने द्यायची योजना आणली होती. घ्यायला फारसं कुणी पुढे आलं नाही. कसं येणार? ट्रॅक्टर अध्यक्षाचा, डिझेल अध्यक्षाच्या सहीने, बियाणं त्याच्या गोदामात, माल न्यायला ट्रक त्याचा. अशा गावात एकट्याने वेगळं शेत करणं म्हणजे सगळ्या गावाशी वैर घेणं. नुसता सातबारा हाती पडून शेती होत नाही हे आपल्याला कुणी सांगायला नको.

रोखठोक

शेतीचं मान्य. पण पक्षाची पकड सोडली नसती तर किमान अराजक तरी झालं नसतं.

अर्थवाचक

पक्षाची पकड कारखान्यावर खरंच किती होती, हा मुद्दा आहे. विचारवेडा यांच्या मांडणीत मला एक दुरुस्ती हवी आहे. लूट १९९२ मध्ये सुरू झालेली नाही. ती १९८८ पासून, पक्षाच्या राज्यातच आणि बरीचशी कायदेशीरपणे चालू होती.

सोव्हिएत कारखान्याकडे दोन तऱ्हेचा पैसा असे. एक रोकड, ती पगारापुरती. दुसरा बँकेच्या खात्यावरचा आकडा. त्यातून फक्त नियोजनात नेमून दिलेला कच्चा माल आणि यंत्रं घेता येत. या आकड्याची रोकड करायला मनाई होती आणि ती भिंत दशकानुदशकं उभी होती. लोकांच्या हातात फार नोटा येऊ नयेत, कारण दुकानात तेवढा मालच नाही, हे त्यामागचं साधं कारण.

१९८७ च्या कायद्याने कारखान्यांना स्वायत्तता दिली. व्यवस्थापकाने काय बनवायचं, पगार किती द्यायचा, यात त्याला मोकळीक मिळाली. भाव मात्र सरकारीच राहिले. मे १९८८ च्या कायद्याने सहकारी संस्था काढायची मुभा दिली. नाव सहकारी, प्रत्यक्षात तीन-चार माणसांचा खासगी धंदा. आता व्यवस्थापक काय करी? कारखान्याच्या आवारातच मेहुण्याच्या नावाने अशी संस्था काढी, तिला 'कामाचं' बिल खात्यावरून चुकतं करी आणि संस्था ते पैसे रोखीत उचली. भिंतीला भोक पडलं. कोम्सोमोल, म्हणजे पक्षाच्या युवक संघटनेच्या, तंत्रज्ञान केंद्रांनाही अशीच सवलत होती. खोदोर्कोव्स्कीची सुरुवात अशाच केंद्रातून झाली, तिथूनच पुढे मेनातेप बँक उभी राहिली.

दुसरा मार्ग निर्यातीचा. तेल, ॲल्युमिनियम, लाकूड देशातल्या सरकारी भावाने उचलायचं, परवाना मिळवायचा आणि बंदरावर जागतिक भावाने विकायचं. परवाना देणारे मंत्रालयातले, घेणारे त्यांच्या ओळखीचे.

म्हणजे राजकीय पकड जशीच्या तशी ठेवून हे थांबलं असतं असं मला वाटत नाही. ज्यांनी थांबवायचं तेच यात होते. रोख पैसा वाढला, माल वाढला नाही, भाव गोठलेले, त्यामुळे दुकानं रिकामी. १९९१ च्या रिकाम्या फळ्यांचं कारण दुष्काळ नव्हतं.

निशाचर

+१. वाखुसा (वाचनखूण साठवली).

रांगांवरून त्या काळातला प्रसिद्ध विनोद. व्होडकाच्या रांगेत कंटाळलेला एक जण म्हणतो, "बास झालं, मी जाऊन गोर्बाचेव्हला गोळी घालतो." तासाभराने परत येतो. लोक विचारतात, काय झालं? "तिथली रांग याच्यापेक्षा मोठी आहे."

मीनल_कु

मी १९८९ ते १९९५ मॉस्कोत शिकायला होते. अर्थवाचक यांनी लिहिलंय ते आम्हाला तेव्हा कळत नव्हतं, दिसत मात्र होतं.

मी पोचले तेव्हा मेट्रोचं तिकीट पाच कोपेक होतं. स्टायपेंडवर महिना आरामात निघे. फक्त घ्यायला काही नसे. साखर कूपनवर. दारूविरोधी मोहिमेपासून घरोघरी हातभट्टी सुरू झाली होती आणि साखर तिकडे जात होती, असं आमच्या वसतिगृहाच्या बाई सांगत. १९९० च्या उन्हाळ्यात दुकानांत मॉस्कोचे रहिवासी असल्याचं ओळखपत्र मागायला लागले. आसपासच्या गावांतून लोक लोकल गाडीने यायचे, त्यांना सॉसेज मिळू नये म्हणून. बाहेरगावच्या बाया दारात उभं राहून मॉस्कोच्या बायांना विनवताना मी पाहिल्या आहेत.

२२ जानेवारी १९९१ ची रात्र मला स्पष्ट आठवते. रात्री नऊच्या बातम्यांत सांगितलं की पन्नास आणि शंभर रूबलच्या जुन्या नोटा मध्यरात्रीनंतर चालणार नाहीत. बदलायला तीन दिवस, तेही माणशी हजार रूबलपर्यंत. आमच्या मजल्यावरची मुलं धावत मेट्रो स्टेशनवर गेली, तिकिटं घेऊन सुट्टे मिळतात का बघायला. पंतप्रधान पावलोव्ह यांना वाटलं होतं काळा पैसा बाहेर येईल. म्हाताऱ्या माणसांच्या गादीखालचा पैसा तेवढा आला.

मग जानेवारी १९९२. भाव मोकळे झाले आणि काही आठवड्यांत दुकानांत माल दिसायला लागला, हे खरं आहे. ज्यांनी ती दुकानं आधी पाहिली नाहीत त्यांना हे पटत नाही. पण लोकांची बचत गेली. आयुष्यभराची, स्बेरबँक या सरकारी बचत बँकेतली. ज्या पैशात गाडी येणार होती त्यात त्या वर्षाच्या शेवटी बुटांची जोडी येईना.

जानेवारीच्या अखेरीला येल्त्सिन यांनी फर्मान काढलं की कुणीही कुठेही परवान्याशिवाय विकू शकतो. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मी 'देत्स्की मीर' या मुलांच्या मोठ्या दुकानापाशी गेले. ल्युब्यांकाच्या चौकात, केजीबीच्या इमारतीसमोर, बर्फात माणसांच्या दोन रांगा समोरासमोर उभ्या. मधून वाट. प्रत्येकाच्या हातात काहीतरी: लोकरी मोज्यांचा जोड, सिगारेटची दोन पाकिटं, व्होडकाची बाटली, बाळाचं स्वेटर, एका आजींच्या हातात नवऱ्याचं पदक. काहींनी वर्तमानपत्रातलं ते फर्मान कापून कोटाला टाचणीने लावलं होतं, पोलिसाने हटकलं तर दाखवायला. बाजार सुरू झाला म्हणतात तो मी असा सुरू झालेला पाहिला.

विचारवेडा

मीनलताई, या प्रतिसादासाठी मनापासून आभार. कोटाला टाचलेलं फर्मान कुठल्या पुस्तकी मांडणीत इतकं समजलं नसतं. सवड होईल तसं आणखी लिहा.

अर्थवाचक, १९८८ चा मुद्दा पटला. माझ्या मांडणीला तो पूरकच आहे. कायदा मागे राहिला होता, तो चार वर्षं आधीपासून.

कॉम्रेड_अण्णा

सगळे जण असं लिहिताहेत जणू जनतेने हे मागितलं होतं. १७ मार्च १९९१ चं सार्वमत विसरू नका. नऊ प्रजासत्ताकांत मतदान झालं आणि ७६ टक्के लोकांनी नव्या स्वरूपात का होईना, संघ टिकावा असं सांगितलं. नऊ महिन्यांत, ८ डिसेंबरला बेलारूसमधल्या बेलोवेझच्या जंगलातल्या विश्रामगृहात रशिया, युक्रेन आणि बेलारूसच्या नेत्यांनी सह्या करून तो संपवला. जनतेला पुन्हा विचारलं नाही.

आणि परिणाम काय? १९८७ मध्ये रशियन पुरुषाचं सरासरी आयुर्मान ६५ च्या आसपास होतं. १९९४ मध्ये ते ५८ च्याही खाली आलं. युद्ध नाही, साथ नाही, आणि सात वर्षं आयुष्य कमी. ज्या व्यवस्थेने निरक्षर देशाला अवकाशात नेलं, मोफत दवाखाना दिला, तिचे दोष मी नाकारत नाही. ती सुधारायची होती. तिची मोडतोड करून भंगार विकायला काढली गेली.

टाल्लिनकर

अण्णा, सार्वमताचा आकडा बरोबर आहे, पण सहा प्रजासत्ताकांनी त्यावर बहिष्कार टाकला होता. तिन्ही बाल्टिक देश, जॉर्जिया, आर्मेनिया, मोल्दोव्हा. आणि १ डिसेंबर १९९१ रोजी युक्रेनमध्ये नव्वद टक्क्यांहून जास्त मतं स्वातंत्र्याच्या बाजूने पडली. बेलोवेझच्या सह्या त्यानंतरच्या आहेत. युक्रेन गेल्यावर उरलेला संघ कुणाला हवा होता?

मी नोकरीनिमित्त टाल्लिनला राहतो. एस्टोनियाचं उदाहरण इथे यायला हवं, कारण सुरुवात तीच होती: तोच रूबल, तीच नियोजन समिती, तेच रिकामे दुकान. जून १९९२ मध्ये त्यांनी रूबल सोडला. माणशी दीड हजार रूबल, दहाला एक या दराने, नवे क्रोन मिळाले. आठ क्रोनला एक जर्मन मार्क हा दर कायद्यानेच बांधून टाकला, म्हणजे सरकारला वाटेल तेव्हा नोटा छापता येईनात. कारखाने निविदा काढून विकले, बाहेरच्यांनाही. १९९४ मध्ये सगळ्यांना सरसकट २६ टक्के आयकर. २००४ मध्ये युरोपीय संघात.

याची किंमतही लिहितो. रशियाच्या सीमेवर नार्वा नावाचं गाव आहे. तिथे १८५७ मध्ये सुरू झालेली क्रेनहोल्म ही प्रचंड कापड गिरणी. गिरणगाव पाहिलेल्या माणसाला ती लाल विटांची धुराडी बघून पोटात कालवतं. बाजार रशियात होता, तो गेला, हजारो कामगार घरी बसले आणि शेवटी २०१० मध्ये गिरणी दिवाळखोरीत निघाली. तिथले बहुसंख्य लोक रशियन बोलणारे. त्यातल्या अनेकांकडे आजही करड्या रंगाचा परकीयांचा पासपोर्ट आहे, कुठल्याच देशाचं नागरिकत्व नाही.

तरीही कोर्टात जाऊन कंपनी कुणाची हे ठरवता येतं. विचारवेडा यांचा मुद्दा मला इथे रोज दिसतो.

कॉम्रेड_अण्णा

तेरा लाख लोकवस्तीच्या देशाची चौदा-पंधरा कोटींच्या देशाशी तुलना करू नये. एस्टोनियाकडे आठवणीत असलेलं जुनं स्वातंत्र्य होतं, शेजारी फिनलंड होता, युरोपचं दार उघडं होतं. रशियाला कोण सदस्यत्व देणार होतं?

टाल्लिनकर

हे मान्य. बाहेरचं आमिष रशियापुढे नव्हतं, आणि तो फरक मोठा आहे.

भुलेश्वरकर

थोडं अवांतर, पण संबंध आहे. आमच्या वडिलांचा तयार कपड्यांचा पुरवठ्याचा धंदा होता, माल सगळा सोव्हिएत संघाला. त्यांच्या सरकारी खरेदी संस्थेचे लोक मुंबईत यायचे, नमुने बघायचे आणि वर्षाची ऑर्डर एकाच बैठकीत. पैसे रुपयांत, दोन्ही सरकारांच्या हिशेबातून. डॉलरचा संबंध नाही. चहा, औषधं, टूथपेस्ट, होजिअरी, कितीतरी लोकांचे धंदे यावर उभे होते. १९९० च्या सुमारास भारताच्या निर्यातीतला जवळपास सहावा हिस्सा तिकडे जात होता. १९९२-९३ पर्यंत तो तीन-चार टक्क्यांवर आला.

१९९१ च्या शेवटी वडिलांचा माल तयार, खोकी बांधलेली, आणि पलीकडे कोण पैसे देणार हेच कुणाला सांगता येईना. ज्या संस्थेशी करार होता ती ज्या देशाची होती तो देशच शिल्लक नव्हता. जानेवारी १९९३ मध्ये येल्त्सिन दिल्लीला आले तेव्हा जुन्या कर्जाचा दर आणि हप्ते ठरले. मग त्या हप्त्यांचे रुपये रशियन सरकार तिकडच्या व्यापाऱ्यांना लिलावात विके आणि ते आपल्याकडून माल घेत. पण तोवर समोरचा माणूस बदलला होता. सरकारी अधिकाऱ्याच्या जागी चामड्याच्या जाकिटातला पंचविशीतला पोरगा, जो आज आहे आणि उद्या फोन उचलत नाही. वडिलांनी धंदा बंद केला. आमच्या गल्लीत आणखी तिघांनी केला.

आपल्या १९९१ च्या परकीय चलनाच्या संकटाबद्दल बोलताना लोक आखाती युद्ध सांगतात. ही बाजू फार कमी सांगितली जाते.

ओझरकर

भुलेश्वरकर, अगदी. आमच्या नाशिकजवळ ओझरला १९६४ पासून मिग विमानांचा कारखाना. माझे काका तिथे होते. सोव्हिएत काळात सुट्या भागांसाठी मॉस्कोला एक पत्र जायचं. उशीर व्हायचा, पण पत्ता एकच. १९९२ नंतर एकाच विमानाचे भाग चार देशांत. मिग-२१ चं दोन आसनी प्रशिक्षण विमान तिबिलिसीत बनत असे, आणि १९९१-९२ च्या हिवाळ्यात तिबिलिसीच्या रस्त्यांवर गोळीबार चालू होता. नौदलाच्या राजपूत वर्गातल्या विनाशिका बांधलेल्या युक्रेनमध्ये, मिकोलाइव्हला. हवाई दलाची एएन-३२ कीव्हची. काका म्हणायचे, की नकाशा बदलला हे पेपरवाल्यांच्या आधी आमच्या भांडार विभागाला कळलं.

निशाचर

व्हाउचरबद्दल कुणीच लिहिलं नाही अजून?

अर्थवाचक

लिहितो. ऑक्टोबर १९९२ पासून प्रत्येक नागरिकाला, तान्ह्या बाळालासुद्धा, दहा हजार रूबलचं एक व्हाउचर, सरकारी कारखान्यांचे भाग घेण्यासाठी. घ्यायला पंचवीस रूबल शुल्क. खासगीकरणाचे सूत्रधार चुबाइस म्हणाले होते की एका व्हाउचरची किंमत पुढे दोन व्होल्गा गाड्यांएवढी होईल. ते विधान रशियात आजही कुणी विसरलेलं नाही. महागाई अशी होती की दहा हजार हा आकडा छापता छापता स्वस्त झाला. ज्याला पगार मिळत नाही त्याने ते व्होडका-सॉसेजच्या भावात स्टेशनबाहेर विकलं. ज्यांनी गुंतवणूक निधींत टाकलं, त्यातले कितीतरी निधी रातोरात गायब झाले. कारखान्यांमध्ये ५१ टक्के भाग कामगार आणि व्यवस्थापनाला घेता येतील असा पर्याय होता आणि बहुतेक ठिकाणी तोच निवडला गेला. कामगारांचे भाग मग संचालकाने गोळा केले.

तरी व्हाउचरमध्ये निदान नाव सगळ्यांचं होतं. १९९५ ची 'कर्जाच्या बदल्यात शेअर' योजना त्याहून वाईट. सरकारला पैसे हवेत, बँका कर्ज देणार, तारण म्हणून देशातल्या सर्वोत्तम कंपन्यांचे भाग, आणि कर्ज फिटणार नाही हे सगळ्यांना ठाऊक. नोरिल्स्क निकेलचा लिलाव १७ कोटी डॉलरपासून सुरू झाला आणि १७ कोटी १ लाखाला संपला. घेणारी पोतानिनची ओनेक्सिमबँक, लिलाव चालवणारीही तीच. दुसऱ्या बँकेची दुपटीहून मोठी बोली बाद ठरवण्यात आली. जगातल्या सर्वात मोठ्या निकेल साठ्यांपैकी एक असा गेला.

पुढच्या वर्षी राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक होती. कम्युनिस्ट झ्युगानोव्ह पुढे होते. ज्यांना कंपन्या मिळाल्या त्यांचीच टीव्ही वाहिनी, त्यांचाच पैसा, येल्त्सिनच्या मागे. पहिल्या फेरीत ३५ विरुद्ध ३२ टक्के, दुसऱ्या फेरीत येल्त्सिन जिंकले.

रोखठोक

म्हणजे मतपेटीही तिथेच गहाण पडली. आता पटतंय की नुसती पकड ठेवून हे सुटलं नसतं. पण मग पुतिनना लोकांनी इतकं उचलून का धरलं याचं उत्तर मिळालं.

मीनल_कु

रोखठोक, त्यात १९९८ पण घाला. मी परत आले होते, पण मैत्रिणींची पत्रं यायची. कारखाने पगार देत नव्हते, दिलाच तर मालात. गुस ख्रुस्ताल्नी हे काचेच्या कामासाठी प्रसिद्ध गाव, तिथले कामगार पगारात मिळालेली काचेची भांडी घेऊन हमरस्त्यावर उभे राहायचे. त्या वर्षी खाणकामगारांनी सायबेरियातली रेल्वे अडवली आणि मॉस्कोत सरकारच्या इमारतीसमोरच्या पुलावर बसून हेल्मेट दगडांवर आपटत राहिले. १७ ऑगस्टला सरकारने हात वर केले. सहा रूबलचा डॉलर वर्षअखेरीला वीसच्या वर. सात वर्षांत दुसऱ्यांदा लोकांची बचत गेली.

आणि जगले कसे? सहा 'सोत्का' जमिनीवर. सोव्हिएत काळात शहरी कामगारांना गावाबाहेर सहाशे चौरस मीटरचे तुकडे दिलेले होते, म्हणजे आपले जवळपास सहा गुंठे. प्राध्यापक, इंजिनीअर, परिचारिका, सगळे शुक्रवारी संध्याकाळी पाठीवर पिशव्या घेऊन लोकल गाडीने तिकडे जायचे. मे महिन्यात बटाटा लावायचा, सप्टेंबरात काढायचा, पोत्यांनी बाल्कनीत किंवा तळघरात ठेवायचा. माझ्या मैत्रिणीच्या घरी काकड्या आणि कोबी खारवलेल्या बरण्या पलंगाखाली रचलेल्या असत. मोजून हिवाळाभर.

शेतकरी_पुत्र

सहा गुंठ्यांवर महासत्तेची मध्यमवर्गीय घरं तगली. हे माहीत नव्हतं. धन्यवाद ताई.

अर्थवाचक

१९९८ नंतर रूबल स्वस्त झाल्यामुळे बाहेरचा माल परवडेना आणि देशातले खाद्यपदार्थांचे कारखाने पुन्हा चालू झाले. पुढे तेल चढत गेलं. पुतिन ३१ डिसेंबर १९९९ ला हंगामी राष्ट्राध्यक्ष झाले ते अशा वेळी. २००८ पर्यंत सरासरी सात टक्क्यांच्या आसपास वाढ. २००१ मध्ये सरसकट १३ टक्के आयकर, २००४ मध्ये तेलाच्या पैशाचा राखीव निधी. ही कामं चांगली होती, आणि पेन्शन वेळेवर मिळू लागली याचं मोल त्या लोकांना विचारा.

पण त्याच वर्षांत एनटीव्ही ही खासगी वाहिनी सरकारच्या हातातल्या गाझप्रोम या गॅस कंपनीच्या ताब्यात गेली. ऑक्टोबर २००३ मध्ये खोदोर्कोव्स्कीला अटक झाली. डिसेंबर २००४ मध्ये त्याच्या युकोस या तेल कंपनीचा मुख्य उत्पादन विभाग लिलावात निघाला, तो त्वेर शहरात नोंदलेल्या, कुणी कधी नाव न ऐकलेल्या कंपनीने घेतला आणि काही दिवसांत ती कंपनी सरकारी रोस्नेफ्तने विकत घेतली. त्याच वर्षी प्रांतांच्या गव्हर्नरांची थेट निवडणूक बंद झाली. १९९५ मध्ये लिलाव ठरवून खासगी हातात गेला, २००४ मध्ये ठरवूनच सरकारी हातात आला. कोर्टाने काय म्हटलं हे दोन्ही वेळी गौण होतं.

कॉम्रेड_अण्णा

अर्थवाचक यांच्याशी माझं अनेक बाबतीत जमत नाही, पण शेवटच्या परिच्छेदावर माझी सही.

मोर्जीकर

आमच्या गोव्याच्या किनाऱ्यावरून रशियाची अर्थव्यवस्था रोज दिसते. तेल वर होतं तेव्हा मोरजीत पाट्या रशियन भाषेत, मेन्यू रशियन भाषेत, आमची पोरं फाडफाड रशियन बोलायची. डिसेंबर २०१४ मध्ये रूबल गडगडला. तिथल्या मध्यवर्ती बँकेने एका रात्रीत व्याजदर साडेदहावरून सतरा टक्क्यांवर नेला, आणि ऐन नाताळच्या हंगामात शॅक रिकामे. तेल पडलं की आमच्याकडे खाट रिकामी, एवढा सरळ हिशेब. म्हणजे २००० नंतरची भरभराट तेलावरच होती, हे मी अर्थशास्त्र न शिकता सांगू शकतो.

भुलेश्वरकर, तुमच्या रुपयाच्या खात्याची गोष्ट पुन्हा घडली बघा. मे २०२३ मध्ये परराष्ट्रमंत्री लावरोव्ह आमच्या बाणावलीला परिषदेला आले होते, तेव्हा म्हणाले की भारतीय बँकांत आमचे अब्जावधी रुपये पडून आहेत आणि ते वापरता येत नाहीत.

भुलेश्वरकर

हो, वाचलं होतं. तेव्हा आम्ही माल पाठवत होतो आणि तिकडून शस्त्रं येत होती, हिशेब बसायचा. आता तिकडून तेल इतकं येतंय की आपला माल कमी पडतो. रुपया तोच, पारडं फिरलं.

विचारवेडा

चर्चा फार छान झाली. माझ्या पहिल्या प्रश्नावर मला आता असं वाटतं: चीनचा रस्ता शेतीमुळे आणि आतून पोखरलेल्या पक्षामुळे बंद होता, एस्टोनियाचा रस्ता बाहेरच्या आधाराशिवाय कठीण होता. पण १९९५ टाळता आलं असतं. तेव्हा भाव मोकळे होऊन तीन वर्षं झाली होती, घाई कसलीच नव्हती. ती निवड होती, आणि तिचे परिणाम २००४ मध्येच काय, आजही दिसताहेत.

दुसरा प्रश्न मात्र राहिलाच. सामान्य माणसाच्या हाती काय लागलं?

मीनल_कु

घर लागलं. हे कुणीच लिहिलं नाही म्हणून लिहिते. जुलै १९९१ च्या कायद्याने ज्या सरकारी सदनिकेत कुटुंब राहतंय ती त्याच्या नावावर फुकट करून मिळू लागली. शेवटी शेवटी मी ज्या आजींकडे खोली घेऊन राहत होते त्यांनी १९९३ मध्ये केली. ख्रुश्चेव्हच्या काळातली पाच मजली इमारत, लिफ्ट नाही, स्वयंपाकघरात दोघी उभ्या राहिलो तर तिसरीला जागा नाही. बचत गेली, व्हाउचर पुतण्याने कुठल्याशा निधीत घालवलं, पेन्शन चार-चार महिने नाही. त्या दोन खोल्यांपैकी एक मला भाड्याने दिली म्हणून त्यांचं औषधपाणी चाललं. कोट्यवधी कुटुंबांची हीच गोष्ट आहे. कारखाने आणि खाणी मोजक्यांना मिळाल्या, घरं मात्र बहुतेकांना मिळाली. या फुकट नोंदणीची मुदत सरकार पुन्हा पुन्हा वाढवत गेलं आणि २०१७ मध्ये ती कायमची खुली केली.

टाल्लिनकर

मीनलताई, त्याच वर्षी मॉस्को महापालिकेने त्याच पाच मजली इमारती पाडायची योजना आणली ना? लोक मोर्चे काढून रस्त्यावर आले होते असं वाचलंय.

मीनल_कु

हो, तीच. हजारो इमारती. मे २०१७ मध्ये मोठा मोर्चा निघाला होता. घर नावावर आहे म्हणजे आम्हाला विचारल्याशिवाय पाडता येणार नाही, असं लोक सांगत होते, आणि त्यानंतर कायद्याच्या मसुद्यात काही बदल करावे लागले. आजींच्या नातीशी अजून संपर्क आहे. तिला विचारून त्यावर वेगळा धागा काढते.